आखाड्यावरची रेंज

माझ्या धाकट्या दिरांना एक सवय आहे. पुण्याहून आले, की चपला काढायच्या आधी फोन वर धरतात आणि रेंज किती आहे ते बघतात. मग घरात येतात, मग "वहिनी, चहा टाका" म्हणतात, आणि बाप कुठं आहे हे विचारायची पाळी चहानंतर येते. माणूस वाईट नाही, असं सगळी भावकी म्हणते. मी तसं म्हणत नाही. वाईट माणसाला आपण काय करतोय हे निदान ठाऊक तरी असतं.

आमचं गाव माजलगावच्या बाजूला, कालव्याच्या पाण्याखाली येतं, त्यामुळं घराच्या मागून जी शेतं सुरू होतात ती सगळी उसाची. मी गावातल्याच हायस्कुलात मराठी शिकवते. नवरा शेती करतो आणि कमी बोलतो. दोन्ही चांगलं करतो. सासऱ्यांना आमच्याकडच्या रीतीनं मी मामा म्हणते, त्यांचे दोघं लेक दादा म्हणतात. सासूबाई गेल्यापासून मामा घरी झोपत नाहीत, आखाड्यावर राहतात. आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे. शेतात जनावरांसाठी पत्र्याचा गोठा, शेजारी एक खोली, पाण्याचा हौद आणि पुढं बाज टाकायला जागा, याला आमच्याकडं आखाडा म्हणतात. घरापासून आखाड्यापर्यंत मध्ये आमचाच ऊस. मामांच्या दोन म्हशी तिथं आहेत, आणि मामांचा जीव त्या म्हशींत आहे. डबा सकाळ-संध्याकाळ आम्ही पोचवतो. घरी का राहत नाही विचारलं, तर म्हणतात, "घरात लई भिंती हायत."

भिंतींवरून आठवलं. त्या भिंतींवर भाऊजींनी एका दिवाळीत काय काय चिकटवलं! फोनवरून लागणारे बल्ब, फोनवरून फिरणारा पंखा, दाराला आकडे दाबायचं कुलूप, आणि स्वयंपाकघरात एक बोलणारा डबा. घर 'स्मार्ट' झालं म्हणे. आम्ही जसे होतो तसेच राहिलो. त्या डब्याला मराठी कळतं असं भाऊजी छातीठोकपणे सांगत होते. मामा एकदा घरी आले असताना त्याला म्हणाले, "लाइट लाव बे." डबा गप्प. मामा पुन्हा म्हणाले, जरा मोठ्यानं. डब्यानं एक इंग्रजी गाणं लावलं. मामा माझ्याकडं वळून म्हणाले, "हे काहून रडायलंय?" आणि बल्बांची तऱ्हा तर विचारूच नका. आमच्याकडं लाइट दिवसातून कितीदा जाते-येते याला सुमार नाही, आणि लाइट परत आली की ते सगळे बल्ब आपणहून लख्ख पेटतात. कुणी सांगितलेलं नसतं, कुणाला नको असतात. ते विझवायला फोन लागतो, फोनला इंटरनेट लागतं, आणि इंटरनेटचा डबा जागा व्हायला वेळ लागतो. तोवर आम्ही सगळ्यांनी पांढऱ्याफटक उजेडात लग्नातल्यासारखे बसून राहायचं. मी शेवटी बाजारातून साधे बल्ब आणून अर्धे बदलले. भाऊजींना अजून कळलेलं नाही.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण त्या पौषात मामा पडले. म्हशीनं दाव्याला हिसका दिला आणि मामा हौदाच्या कडेला आडवे झाले. हात मुरगळला, खांदा सुजला. शेजारच्या रानातला माणूस पाणी धरायला येईपर्यंत तिथंच पडून होते. दवाखान्यात नेलं, हाड शाबूत निघालं. मामा मला बजावून म्हणाले, "पोरांला सांगू नको माय. पडलो म्हंजी काय, बसलोच की." मी नाही सांगितलं. पण त्या शेजाऱ्यानं भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, फोटोसकट. मग काय विचारता! दुसऱ्याच दिवशी अंगणात गाडी उभी. भाऊजी उतरले, फोन वर धरला, रेंज बघितली.

ते आखाड्यावर गेले तेव्हा मी डबा घेऊन मागंच होते. मामा बाजेवर बसले होते, हात गळ्यात बांधलेला. भाऊजी उभ्या-उभ्याच सुरू झाले. बोलायचं पाठ करून आले असावेत.

"दादा, हे असं चालणार नाही. तुम्ही माझ्याकडे पुण्याला चला. लिफ्ट आहे, खाली बाग आहे, सोसायटीत तुमच्या वयाचे खूप लोक आहेत."

"आन् म्हशी?"

"म्हशी विकून टाकू."

"मंग मलाबी इकून टाक," मामा म्हणाले.

भाऊजींनी माझ्याकडं बघितलं. मी डब्याचं झाकण उघडण्यात गुंतले होते. नवरा गोठ्यात म्हशीला वैरण टाकत होता, जणू त्या म्हशी गेल्या आठवड्यापासून उपाशी होत्या. बराच वेळ वाद चालला. शेवटी भाऊजींनी तडजोड काढली, आणि ती त्यांना स्वतःला इतकी आवडली की बोलता-बोलता चेहरा फुलला. म्हणाले, "ठीक आहे दादा. घरचं नेटवर्क मी इथपर्यंत आणतो. इथे कॅमेरा बसवतो. मला पुण्यात फोनवर तुम्ही दिसत राहिलात तर खुशाल इथे राहा. पण ज्या दिवशी दिसायचे बंद झालात, त्या आठवड्यात मी गाडी घेऊन येणार आणि तुम्हाला घेऊन जाणार. मग काहीही ऐकणार नाही. कबूल?"

मामा म्हणाले, "दिसंन की. मी काय देव हाय व्हय न दिसायला?"

असा तो करार झाला. आखाड्यावर रेंज आली तर मामा राहणार, रेंज गेली तर मामा जाणार. माझ्या मनात त्या डब्यांबद्दल काडीचा आदर नव्हता, आणि आता त्या डब्यांनाच नीट चालू ठेवणं माझ्या नशिबी आलं. कारण एक गोष्ट मला पक्की ठाऊक होती. मामांना पुण्यात भाऊजींच्या नवव्या मजल्यावर नेऊन ठेवलं, तर ते वर्षभरही काढणार नाहीत. त्यांना तिथं काही होणार नाही, नुसते बसून-बसून संपतील. हे मी नवऱ्याला बोलून दाखवलं. तो म्हणाला, "मग रेंज आणूच." एवढं लांब वाक्य तो वर्षातून एकदा बोलतो.

आखाड्यावर फोन लागतो, पण मोबाइलचं इंटरनेट तिथं चालत नाही, म्हणून घरची रेंज तिथवर न्यायचे भाऊजींचे प्रयोग सुरू झाले. पहिल्यांदा त्यांनी प्लगमध्ये खोचायचं एक यंत्र आणलं. ते म्हणे रेंज पुढं ढकलतं. मागच्या पडवीत खोचलं. भाऊजी फोन हातात धरून शेताकडं निघाले, आम्ही सगळे मागं. परड्यात रेंज होती, कडब्याच्या गंजीपाशी होती, उकिरड्यापाशी होती. उकिरडा ओलांडला आणि संपली. भाऊजी पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिले, पण रेंज काही उकिरड्याच्या पलीकडं पाऊल टाकेना. तर ते काही आठवडे आमच्या उकिरड्याला पुण्यासारखं इंटरनेट होतं. कोंबड्यांनी त्याचा काय उपयोग केला ते त्यांनाच ठाऊक.

मग तसली आणखी यंत्रं आली, एकमेकांना हात देणारी. एक परड्यात, एक विहिरीच्या खोलीत. पण विहिरीवरची लाइट शेतीची. ती एक आठवडा दिवसा येते, एक आठवडा रात्री, आणि तेही आली तर. हे भाऊजींना मी सांगितलं तेव्हा ते मला म्हणाले, "अजून असंच आहे का?" अजून असंच आहे का! जणू ते गेल्यावर सरकारनं लगेच सगळं बदलायचं कबूल केलं होतं. याच विहिरीच्या मोटारीसाठी हा माणूस पोरवयात रात्री-रात्री बापाबरोबर उठून गेलेला. पण विसरला. विसरायलाही शिक्षण लागतं, एरवी जमत नाही.

शेवटी त्यांनी भारीतली वस्तू मागवली. दोन पांढरे डबे. एक घराच्या गच्चीवर, एक आखाड्याच्या पत्र्यावर लोखंडी पाइप उभा करून. दोघांनी एकमेकांकडं तोंड करून नेमकं समोरासमोर बघायचं, मध्ये काही आडवं यायला नको, म्हणजे रेंज इकडून तिकडं जाते. बसवायला माजलगावहून एक जण बोलावला. फोनवर त्याला पत्ता सांगताना मी आखाडा म्हणाले, तर म्हणाला, "ताई, तालमीत कॅमेरा कशाला?" त्याला शेतातला आखाडा ठाऊक नव्हता, तो शहरातला. भाऊजींना तर ठाऊक होता ना? त्यांनी फोनमध्ये आखाड्याचं नाव घातलं 'आउटहाऊस'. मी विचारलं, "भाऊजी, हे काय?" तर म्हणाले, "ॲपमध्ये तसंच असतं वहिनी." मराठी शिकवते मी. अंगाचा तिळपापड झाला, पण करार आठवला आणि गप्प बसले.

एक मात्र होतं. हे प्रयोग चालले तेव्हा भाऊजी दर महिन्याला येत. पाइप उभा करताना ते शिडीवर चढले होते आणि मामा खाली उभे राहून एका हातानं शिडी धरत होते. शिडी भिंतीला दोरीनं बांधलेली होती, धरायची काही गरज नव्हती. मामा वर बघत म्हणत होते, "दमानं, दमानं." मी तेव्हा ते बघितलं आणि विसरून गेले.

तर चैत्र सरता-सरता कॅमेरा चालू झाला. पुण्यात मामा दिसू लागले. बॅटरीही बसवली, त्यामुळं लाइट गेली तरी डोळा उघडा. आणि मग जो छळ सुरू झाला, तो माझा.

तो कॅमेरा हुशार. कुणी हललं की भाऊजींच्या फोनवर निरोप जातो, 'आउटहाऊसमध्ये व्यक्ती दिसली'. आता म्हैस उठली, की ती व्यक्ती. म्हशीनं शेपूट झाडलं, तरी व्यक्ती. आणि मामा घोंगडं पांघरून बाजेवर बसले, की त्याच्या लेखी तिथं कुणीच नाही. मग मी वर्गात असताना माझा फोन थरथरायचा. "वहिनी, दादा दिसत नाहीयेत, जरा बघता का?" मी नवऱ्याला फोन करायची, नवरा उसातून उठून जायचा, मामा घोंगड्यात चहा पीत बसलेले असायचे.

मामा हौदावर आंघोळ करायचे, नुसत्या लंगोटीवर. ती पुण्यात दिसू लागली. सुनेनं, म्हणजे माझ्या जावेनं, तक्रार केली असावी. भाऊजी कॅमेऱ्यातून बोलले. त्याला बोलायचीही सोय आहे. हौदावर पाणी घेता-घेता मामांच्या डोक्यावरून आवाज आला, "दादा, जरा आडोशाला!" मामांनी तांब्या टाकला. मग ते रोज आंघोळीच्या आधी कॅमेऱ्यावर धोतर वाळत घालू लागले, आणि आंघोळ झाली की काढायचं विसरायचे. की पुन्हा माझा फोन. "वहिनी, पांढरं-पांढरं दिसतंय, जरा बघता का?"

धारेच्या वेळचं तर सांगायलाच नको. भाऊजींची ऑफिसला निघायची वेळ आणि आमच्या म्हशीची धारेची वेळ एकच. मामा चरवी घेऊन म्हशीखाली बसले, की वरून "गुड मॉर्निंग दादा, गोळी घेतली का?" म्हैस बिचकायची आणि पान्हा चोरायची. गोठ्यात आवाज येतो आणि माणूस दिसत नाही, असं तिनं आयुष्यात बघितलं नव्हतं. मामा एकदा खरंच चिडले. कॅमेऱ्याकडं तोंड करून ओरडले, "अरे गोळी घेतली! पर तू बोललास की दूध जातंय बे! धारंच्या टायमाला गप ऱ्हात जा!" मी कुंपणापाशी उभी राहून हसून-हसून बेजार झाले. पुण्यात बहुतेक आवाज तुटक गेला असावा, कारण वरून उत्तर आलं, "व्हेरी गुड दादा."

माझा खरा संताप मात्र दुसऱ्याच गोष्टीवर झाला, आणि ती गोष्ट म्हणजे एक साधा शब्द. आपल्या मराठीत 'बघणं' म्हणजे डोळ्यांनी बघणं, आणि 'बघणं' म्हणजे सांभाळणं. म्हाताऱ्या माणसांना कोण बघतं, असं आपण विचारतो तेव्हा डोळ्यांबद्दल विचारत नसतो. जेवण, औषध, धुणं, दवाखाना, चिडचिड, हे सगळं त्या एका शब्दात असतं. आता वैशाखात भावकीतलं एक लग्न होतं. बायकांच्या पंगतीत माझ्या समोर बसलेली एक चुलत सासू शेजारणीला सांगत होती, "धाकटा लई बघतो हो बापाला. पुण्यातून बघतो. रोज बघतो." आणि शेजारीण म्हणाली, "आजकाल कोण बघतंय एवढं?" मी हातातली पुरी खाली ठेवली. वीस माणसांत तोंड उघडता येत नाही म्हणून, नाहीतर मी सांगणार होते की बाई गं, बघतात ते, डोळ्यांनीच बघतात! त्यांना पांढरं धोतर दिसतं आणि ते मला फोन करतात. घरी येऊन मी नवऱ्यावर ओरडले. तो म्हणाला, "असू दे." मी म्हणाले, "असू दे काय असू दे? तुमचा भाऊ उंटावर बसून शेळ्या हाकतो आणि आपण शेळ्या!" तो म्हणाला, "शेळ्या तर शेळ्या." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

पावसाळा लागला. श्रावणात कॅमेरा अधूनमधून जाऊ लागला, भादव्यात पार गेला. भाऊजींचा फोन. ऑफ करून ऑन करा. केलं. वरचा ऑफ करा. केला. दोन्ही ऑफ करा, दहा मिनिटं थांबा. थांबलो. मग म्हणाले, कंपनीनं अपडेट दिलंय, त्यामुळं असेल. मग म्हणाले, पाऊस आहे म्हणून असेल. पावसानं उघडीप दिली तरी तेच. एका रविवारी मी वैतागून गच्चीवर गेले. तो पांढरा डबा ज्या बाजूला तोंड करून बसला होता, त्या बाजूला मीही तोंड करून उभी राहिले. आखाडा दिसेना. ऊस दिसला. चैत्रात जो गुडघ्याला लागत होता, तो ऊस आता पत्र्याच्या पार वर गेला होता, हिरवागार, पानाला पान भिडलेलं.

कपाळ माझं! मी तिथूनच फोन लावला.

"भाऊजी, ऊस वाढलाय."

"म्हणजे? केवढा?"

"उसाएवढा."

अहो, याच उसावर हा माणूस शिकला. याच उसाचं बिल आलं की याची फी जायची, याच्या हॉस्टेलचे पैसे जायचे. लहानपणी याच उसात लपून शाळा बुडवली, असं जेवताना कौतुकानं सांगतो. आणि रेंजचं गणित मांडताना हा विसरला की ऊस वाढतो! जगात दुसरीकडं कुठं ही चूक झाली नसेल. ती चूक करायला उसाच्या घरचा आणि पुण्यात राहणारा, असा दुहेरी माणूस लागतो.

"कधी कापणार?" त्यांनी विचारलं.

"कारखान्याची तोड येईल तेव्हा. पौष-माघ."

"तोपर्यंत मला दादा दिसणार नाहीत?"

"आम्हाला दिसतात की," मी म्हणाले.

"वहिनी, तसं नाही. ठरलं होतं आपलं. मी दसऱ्याला येतो दादांना न्यायला. सामान बांधून ठेवा. म्हशींचंही दादाला सांगा, गिऱ्हाईक बघायला."

दादाला म्हणजे माझ्या नवऱ्याला. नवऱ्यानं गिऱ्हाईक बघितलं नाही. त्यानं पाइपाला आणखी एक पाइप जोडला, डबा उंच नेला. कॅमेरा अर्धा दिवस चालला. मग वारा सुटला, उंच पाइप हलला, डब्याचं तोंड फिरलं आणि तो समोरच्या डब्याऐवजी आभाळाकडं बघू लागला. नवऱ्यानं तारा बांधून बघितल्या, जमलं नाही; शेवटी वरचा पाइप काढून डबा पुन्हा होता तसा समोर तोंड करून बसवला. तेव्हा मी पहिल्यांदा खरी घाबरले. मामांना सगळं सांगावं लागलं. ते ऐकून घेतलं त्यांनी. म्हणाले, "उसानं आडवलंय म्हन."

पुढच्या रविवारी डबा घेऊन गेले तर बाजेवर कुणी नाही. गोठ्यात नाही, हौदावर नाही. उसातून खच्-खच् आवाज येत होता. मी आत शिरले. मामा कोयत्यानं ऊस कापत होते. उभा, न पिकलेला, आपला स्वतःचा ऊस. आखाड्यापासून घराच्या दिशेनं त्यांनी एक पट्टा पाडत आणला होता, बैलगाडी जाईल एवढा रुंद. अंगातली बंडी घामानं चिकटलेली, खांदा अजून नीट वर होत नव्हता तो धरून-धरून घाव घालत होते.

"मामा! हे काय चालवलंय? ऊस हाय आपला!"

"म्हाईत हाय." एक घाव. "त्याला दिसायला पायजे ना. न्हाई दिसलं तर नेतंय मला."

"अहो, पण तुमचा खांदा!"

"खांदा हुईल बरा. पर हितनं मीच गेलो तर?"

मी त्यांच्या हातातून कोयता घ्यायला गेले, त्यांनी दिला नाही. शाळेत मी पोरांना स्वावलंबनावर निबंध घालते. आपल्या लेकाला आपण दिसावं म्हणून म्हातारा बाप उभं पीक कापतोय, यावर काय निबंध घालायचा? मला रडू आलं, आणि रडण्यापेक्षा राग जास्त आला. राग कुणाचा, तर त्या पांढऱ्या डब्याचा, त्याच्यापलीकडं बसलेल्या माणसाचा, आणि इतक्या दिवसांत 'भाऊजी, तुम्ही हे बंद करा' असं एकदाही न म्हणालेल्या आम्हा सगळ्यांचा. मी घरी जाऊन नवऱ्याला घेऊन आले. त्यानं दुसरा कोयता उचलला. मी कापलेला ऊस बाजूला ओढला आणि शेंड्यांचं हिरवं वाढं म्हशींपुढं टाकलं. म्हशींची चंगळ झाली. संध्याकाळपर्यंत पट्टा बांधापर्यंत पोचला, आणि आखाड्यावरून आमच्या गच्चीचा कठडा दिसायला लागला.

कॅमेऱ्याचा दिवा हिरवा झाला. पाठोपाठ माझा फोन वाजला.

"वहिनी, आलं ना? दादा दिसले! मी सकाळी इथून चॅनल बदललं होतं. म्हटलं बघू या. शेवटी सॉफ्टवेअरचाच प्रॉब्लेम होता. उगाच तुम्ही उसाला दोष देत होता."

माझ्या हाताला उसाच्या पानांनी चरे पडले होते, नवरा बांधावर बसून पाणी पीत होता, आणि मामा बाजेवर उताणे पडले होते. "हो," मी म्हणाले, "तुमचंच डोकं." यातली खोच पुण्यात पोचली नाही. खोच पोचायला रेंज पुरत नाही, माणूस लागतो.

मामा राहिले. दसऱ्याला गाडी आली नाही. यायचं कारणच उरलं नव्हतं. मी त्या दिवशी म्हशींना हळद-कुंकू लावलं आणि जिंकल्यासारखी घरी आले. पुढं दिवाळी आली. दिवाळीला भाऊजी दरवर्षी येत, कितीही काम असलं तरी येत. यंदा भाऊजींचा फोन आला. "वहिनी, यंदा पोरांना घेऊन केरळला जातोय. दादा काय, रोजच दिसतात. रोज भेटल्यासारखंच आहे."

पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन आखाड्यावर गेले. मामा नवं धोतर नेसून, टोपी घालून बाजेवर बसले होते, आणि बाज त्यांनी फिरवून कॅमेऱ्याच्या समोर घेतली होती. मला म्हणाले, "बोलला न्हाई अजून. सकाळधरनं बसलोय." मी भाऊजींना फोन लावला, लागला नाही. ते बोटीत होते, नंतर फोटो आले. मामांनी चकली हातात घेतली आणि खाल्ली नाही. ते मला बघवेना. मी पुन्हा-पुन्हा फोन लावत राहिले, आणि शेवटी मामाच म्हणाले, "ऱ्हाऊ दे माय. असंल कामात."

माघात तोड आली. टोळीनं दोन दिवसांत सगळं रान मोकळं केलं. गच्चीवरून आखाडा असा स्वच्छ दिसायला लागला की म्हशी मोजाव्यात. रेंज तर विचारू नका. भाऊजी खूश. त्यांनी फोनवरून नवऱ्याला शेतीचा सल्ला दिला, "आता तिथे खोडवा ठेवू नका. ऊस मोडून टाका, पावसाळ्यात सोयाबीन लावा. कमरेच्या वर जात नाही. नेटवर्कला कायमचा प्रॉब्लेम नको." नवरा म्हणाला, "दादांला विचारतो."

म्हणून आम्ही दोघं आखाड्यावर गेलो. मामा बाजेवर होते, वर कॅमेरा होता. नवऱ्यानं सोयाबीनचं सांगितलं. मामांनी मोकळ्या रानाकडं बराच वेळ बघितलं. कापलेल्या उसाच्या बुडख्यांतून बारीक कोंब दिसू लागले होते. ते ठेवले की वर्षात पुन्हा ऊस उभा राहतो, त्यालाच खोडवा म्हणायचं.

"खोडवा ठेव," मामा म्हणाले.

मी म्हणाले, "मामा, भादव्यात पुन्हा पार डोक्यावर जाईल. पट्टा पाडायची ताकद आता तुमच्यात न्हाई, आन् आमी तुम्हाला पाडू देणार न्हाई. रेंज जाईल. मग भाऊजी गाडी घेऊन येतील तुम्हाला न्यायला."

"येऊ दे की," मामा म्हणाले. "न्यायला तरी यील."

नवऱ्यानं मान खाली घातली. कॅमेरा आमच्या डोक्यावरच होता, आणि त्याला नुसतं दिसत नाही, ऐकूही येतं. मामा जे बोलले ते बोलल्या क्षणी पुण्यात पोचलं असणार.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. मी पहिल्याच रिंगला उचलला.

"वहिनी, दुपारी तुम्ही सगळे दिसलात आउटहाऊसमध्ये. मी मीटिंगमध्ये होतो, म्यूट केलं होतं. मग, सोयाबीनच ना?"

"ऊस," मी म्हणाले आणि फोन ठेवला.